नव्या मत्स्यालयातील नत्रचक्र आणि त्यातील अडथळे

नव्या काचटाकीच्या फिल्टरमध्ये नायट्रीकारक जीवाणूंची वस्ती उभी राहण्याची प्रक्रिया. हौशी मंडळी तिला ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात. माशांचे उत्सर्जन आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो; जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना घातक, तिसरा त्या मानाने सौम्य व पाणी बदलून काढता येणारा. २५ ते २८° से. तापमानाला या सगळ्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या टप्प्याचे जीवाणू सावकाश वाढत असल्याने मधल्या काळात नायट्राइट बरेच दिवस चढलेले राहते. तो अडथळा नव्हे, आणि त्यासाठी बाटलीबंद जीवाणू विकत आणण्याची घाई करू नये.

या दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिले जाई. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक व सहकाऱ्यांनी दाखवले. याच कुळातील काही जीवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, असे २०१५ मध्ये आढळले.

चक्र खरोखर अडले असेल तर पहिला संशय पाण्याच्या क्षारतेवर घ्यावा. नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि नत्राच्या दर १ मिग्रॅ.मागे सुमारे ७ मिग्रॅ. क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने) खर्ची पडते. मासे सोडण्याआधीच चक्र चालवण्यासाठी, लिटरमागे ५० मिग्रॅ. क्षारता असलेल्या टाकीत लिटरमागे २ मिग्रॅ. नत्राइतका अमोनिया तीनदा बाहेरून घातला, की ती जवळपास संपते. मग सामू ६.५ च्या खाली घसरतो, जीवाणू मंदावतात. ६ च्या आसपास काम जवळजवळ थांबते. मुंबईतल्यासारखे तलावाचे मृदू पाणी किंवा आरओचे पाणी वापरणाऱ्या घरांत हे लवकर घडते. दख्खनच्या बोअरवेलच्या जड पाण्यात सहसा घडत नाही. उपाय स्वयंपाकघरातला आहे: २० लिटरला १ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला, की क्षारता लिटरमागे सुमारे ३० मिग्रॅ.ने वाढते. फिल्टरमध्ये ठेवलेला शिंपल्यांचा चुरा तेच काम हळूहळू करतो.

टाकीत मासे असतील तर मात्र हा सोडा जिवावर बेतू शकतो. सोड्याने सामू वाढतो, आणि पाण्यातील अमोनियाचा विषारी भाग सामूवर ठरतो: २५° से. ला सामू ६ असताना तो एकूण अमोनियाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी, ७ ला सुमारे ०.६ टक्के, ८ ला सुमारे ५ टक्के. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराच साचूनही मासे धडधाकट दिसतात. मालक घाबरून अर्धे पाणी एकदम काढून जास्त सामूचे भरतो, आणि तासाभरात मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागतात. अशा वेळी पाणी थोडे थोडे, एकदोन दिवसांत विभागून बदलावे, सोडा नंतर.

चक्र अडण्याचे दुसरे कारण नळातले क्लोरिन. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की उभी राहत असलेली वस्ती मरू शकते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. पालिका क्लोरामाइन वापरत असेल तर अँटी-क्लोरिन घातल्यावर त्यातून अमोनिया सुटतो आणि नव्या पाण्यातही तो चाचणीत दिसतो. म्हणून नळाचे पाणीही एकदा तपासून ठेवावे.

चाचणी-संचही फसवतात. नायट्रेटची चाचणी नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मोजते. पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा फुगतो आणि चक्र पूर्ण झाल्याचा भास होतो. तिच्या ज्या बाटलीत तळाशी भुकटी बसते, ती जोरात हलवली नाही तर उलट नायट्रेट नसल्याचे दिसते. पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखे होणे हाही अडथळा नव्हे; ते वेगळ्याच, सेंद्रिय द्रव्यावर जगणाऱ्या जीवाणूंचे काम. ते आपोआप निवळते.

मासे सोडण्यापूर्वी लिटरमागे २ मिग्रॅ. अमोनिया घालून पाहावा. २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर साठलेले नायट्रेट उतरवण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलून मासे थोडे थोडे सोडता येतात.