बंडीचा तोल आणि यवतमाळचा कापूस

१/४
१८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोचला. यवतमाळ त्यापासून दूरच राहिले. मूर्तिजापूरची नॅरोगेज गाडी सुरू होईपर्यंत येथील कापूस बैलबंडीने सुमारे ४५ किलोमीटरवरील धामणगाव स्थानकाकडे जाई.

२/४
दोन चाकांच्या बंडीचा भार आसावर तोलावा लागतो. माल मागे गेला तर बंडी उलाळ होते. जू वर उचलले जाऊन बैलांचा गळा आवळतो. माल फार पुढे आला तर जू मानेवर दाबते, खांदे सुजतात. म्हणून भार किंचितच पुढे ठेवीत.

३/४
कापूस हलका, म्हणून उंच रचलेला. त्यामुळे उतारावर भार पुढे झुके, चढावर मागे. यवतमाळ पठारावर, धामणगाव सखल भागात. भरल्या बंडीची वाट मुख्यतः उताराची. तेथे धुरकरी मागे सरके, चढावर धुरेवर येई. त्याचे शरीर हेच तोलाचे सरकते वजन.

४/४
आज मोटारीमागील छोट्या प्रवासी ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर ठेवतात. तो भार पोलादी स्प्रिंग-दांडे पुढच्या चाकांपर्यंत वाटतात. तोल चुकला की ट्रेलर झोकांड्या खातो. बंडीचा तोल चुकला की त्याचा व्रण बैलाच्या मानेवर उमटे.