वारा आणि आकाशक : हौशी रेडिओतील बहुपट्टी रचनांच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा

आकाशक, म्हणजेच नेहमीच्या बोलण्यातील अँटेना, याचा इतिहास बहुधा विद्युत्‌शास्त्राच्या दृष्टीने लिहिला जातो. कोणत्या रचनेने दिशिक लाभ किती वाढविला, हाच अशा इतिहासाचा मानदंड असतो. परंतु आकाशक ही जशी विद्युत्‌रचना आहे, तशीच ती उघड्यावर उभी केलेली यांत्रिक रचनाही आहे. कागदावर श्रेष्ठ ठरलेल्या कित्येक रचना पहिल्याच वादळात भुईसपाट झाल्या, तर सामान्य गणल्या गेलेल्या काही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिल्या. एकाच आकाशकावर अनेक तरंगपट्ट्यांचे काम करू पाहणाऱ्या हौशी प्रेषकांच्या बाबतीत तर वाऱ्याने परीक्षकाचेच काम केले आहे, असे म्हणावे लागते.

या परीक्षेचा प्रारंभ हौशी रेडिओच्या उदयापूर्वीच झाला. कॉर्नवॉलमधील पोल्‌धू येथे मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पाठविण्यासाठी 200 फूट उंचीच्या 20 डोलकाठ्या वर्तुळाकार उभ्या केल्या होत्या. या काठ्यांची टोके परस्परांना तणाव्यांनी जोडलेली होती. अशाच रचनेचे काम केप कॉड येथे पाहणारा अभियंता व्हिव्हियन याला ही योजना सदोष वाटत होती. कारण एक काठी कलली की तिने शेजारचीला ओढावे, असाच तिचा बांधा होता. ही भीती खरी ठरली. 17 सप्टेंबर 1901 रोजी पोल्‌धूचे वर्तुळ वादळाने कोसळले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केप कॉडचेही तेच झाले. 12 डिसेंबर 1901 रोजी न्यू फाउंडलंडमधील सिग्नल हिलवर जी ग्राही तार वापरली गेली, ती पतंगाने उचलून धरलेली होती. त्या ग्रहणाच्या सत्यतेविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या आहेत. तथापि प्रस्तुत विषयापुरता मुद्दा निराळा आहे. ज्या वाऱ्याने ताठ रचना मोडली, त्याच वाऱ्यावर लवचिक तार तरंगत राहिली. मात्र पतंगाच्या हेलकाव्यांबरोबर तारेची धारिता बदलत असल्यामुळे मेळ साधणारा ग्राही तेथे निरुपयोगी ठरला, ही या लवचिकतेची किंमतही ध्यानात ठेवली पाहिजे.

डिसेंबर 1921 मध्ये हौशी प्रेषकांच्या अटलांटिकपार चाचण्यांसाठी अमेरिकेतून आलेल्या पॉल गॉड्‌लीने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकला. पावसाळी, वादळी हवेत उंच डोलकाठी उभारण्याच्या फंदात न पडता त्याने सुमारे 1,300 फूट लांबीची बेव्हरेज पद्धतीची तार जमिनीपासून अवघ्या काही फुटांवर खांबांच्या आधाराने ताणली. कनेक्टिकटमधील हौशी केंद्राचे संकेत त्याने याच तारेवर ऐकले. ही तार केवळ ग्रहणासाठी होती, प्रेषणासाठी तिचा उपयोग नव्हता. परंतु जागा आणि हवा पाहून रचना निवडण्याचे ते एक लक्षणीय उदाहरण होय.

बहुपट्टी आकाशकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर. त्या परिषदेने हौशी प्रेषकांना दिलेल्या 3.5, 7, 14 व 28 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्या एकमेकींच्या दुपटीत होत्या. त्यामुळे सर्वांत लांब पट्टीसाठी कापलेली अर्धतरंग तार वरच्या पट्ट्यांवरही अनुस्पंदित होऊ शके. अडचण होती ती ऊर्जा पुरविण्याच्या बिंदूची. कारण तारेच्या मध्यभागी सम गुणित कंप्रतांवर संरोध फार वाढतो. 1929 मध्ये विंडमने प्रसिद्ध केलेल्या रचनेत पुरवठ्याची तार मध्यापासून बाजूला जोडलेली होती. या मांडणीला दोन आधार आणि एक तार याहून अधिक काही लागत नसे, म्हणून ती वाऱ्यालाही फारशी अडवीत नसे.

याच सुमारास जपानमधील तोहोकू विद्यापीठात उदा व यागी यांची दिशिक रचना आकाराला आली (1926). तीन दांड्यांच्या अशा रचनेमुळे इष्ट दिशेने साध्या द्विध्रुवाच्या सुमारे तिप्पट शक्ती गेल्यासारखा परिणाम साधतो. हौशी प्रेषकांना तिचे आकर्षण वाटले यात नवल नाही. परंतु तिच्या आडव्या नळ्या, त्यांना धरणारा दांडा आणि फिरविणारे यंत्र हे सर्व उंच मनोऱ्याच्या शेंड्यावर असते. वाऱ्याचा सारा जोर नेमका तेथेच बसतो.

इक्वेडोरमधील कीटो येथील एचसीजेबी प्रक्षेपण केंद्रात याच रचनेपुढे निराळेच संकट उभे राहिले. सुमारे 2,850 मीटर उंचीवरील विरळ हवेत दांड्यांच्या टोकांशी विद्युत्‌विसर्जन होऊन ती वितळत असत. क्लॅरन्स मूरने त्यावर बंद चौकटीच्या तारेचा उपाय योजला, कारण अशा वेटोळ्याला मोकळे टोकच नसते. त्याचे एकस्व 1951 मध्ये मंजूर झाले. एकाच सांगाड्यावर तीन पट्ट्यांची वेटोळी एकात एक बसविता येत असल्याने ही 'क्वाड' रचना बहुपट्टी कामासाठी लोकप्रिय झाली. परंतु विसर्जनाच्या संकटातून सोडविणारी ही चौकट वारा आणि बर्फ यांपुढे नाजूक ठरली. तिचे बांबूचे हात मोडत; पुढे काचतंतूंचे हात आले तरी तिचा त्रिमिती पसारा कमी झाला नाही.

दुसऱ्या दिशेचा प्रयत्न 1955 मध्ये बुकॅनन याने प्रसिद्ध केला. सुमारे 108 फूट लांबीच्या तारेत त्याने वेटोळे व धारित्र यांची दोन अवरोधक मंडले बसविली. 7 मेगाहर्ट्‌झवर ही मंडले तारेचा बाहेरचा भाग विद्युत्‌दृष्ट्या तोडून टाकतात आणि खालच्या पट्टीवर तोच भाग पुन्हा जोडला जातो. यातून एकाच तारेवर पाच पट्ट्या साधल्या. वाऱ्याच्या दृष्टीने मात्र अवरोधक मंडल म्हणजे हलक्या तारेत मध्येच टांगलेले वजन होय. ते हेलकावे खाते, त्याच्या जोडापाशी तार वारंवार वाकते आणि भेगेतून पाणी आत शिरले की अनुस्पंदनही बिघडते. लुई व्हार्नी याने 1946 मध्ये योजलेली व 1958 मध्ये सविस्तर मांडलेली 102 फुटांची तार असे काहीच बाळगीत नाही. 14 मेगाहर्ट्‌झवर ती तीन अर्धतरंगांची असते. इतर पट्ट्यांवरची विसंगती खाली, घरात ठेवलेले जुळणी-मंडल दूर करते. नाजूक भाग हवेतून काढून छपराखाली आणणे, हे या रचनेच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानले पाहिजे.

या निष्कर्षाला गणिताचाही आधार आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी 44 मीटर प्रतिसेकंद हा मूलभूत वेग धरलेला आहे. त्यास दाब दर चौरस मीटरला सुमारे 1,160 न्यूटन येतो. दिशिक रचनेचे परिणामी क्षेत्रफळ 0.5 चौरस मीटर धरले तर मनोऱ्याच्या शेंड्यावर 580 न्यूटनांचा जोर येईल आणि 12 मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या पायाशी केवळ त्याचेच आघूर्ण सुमारे 7,000 न्यूटन-मीटर होईल. उलट 2 मिलिमीटर जाडीच्या 40 मीटर तारेवर एकूण भार 110 न्यूटनांच्या आसपास राहतो व तो दोन आधारांत विभागला जातो. मात्र तार ताठ ओढली तर हा फायदा नाहीसा होतो. भाराच्या दिशेने तारेला 1 मीटर झोल असेल तर तिच्यातील ताण सुमारे 560 न्यूटन येतो. झोल 2 मीटर केला की तो निम्म्यावर उतरतो. झाडाला बांधलेल्या तारेचे टोक कप्पीवरून घेऊन त्याला वजन लटकविण्याची हौशी प्रेषकांची जुनी रीत हाच नियम पाळते. तांबे चढविलेली पोलादी तारही याच अनुभवातून रूढ झाली. 7 मेगाहर्ट्‌झचा प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम 0.025 मिलिमीटर खोलीपर्यंतच प्रामुख्याने वाहतो. आतल्या पोलादाने त्याचे नुकसान न होता बळ तेवढे मिळते.

वादळाइतकीच मंद झुळूकही घातक असते, ही गोष्ट उशिरा ध्यानात आली. नळीमागे एकाआड एक सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे 25 मिलिमीटर व्यासाची नळी 5 मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात सेकंदाला सुमारे 40 वेळा कंप पावू शकते. ॲल्युमिनियम अशा कंपनांनी हळूहळू थकत जाते आणि एखाद्या शांत दिवशी नळी मोडून पडते. नळीत दोर घालून कंपने शमविण्याचा साधा उपाय त्यामुळेच प्रचारात आला.

1979 च्या जागतिक परिषदेने 10, 18 व 24 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्या दिल्यावर दुपटीची जुनी साखळी अपुरी पडली. केवळ गुणित कंप्रतांवर विसंबणाऱ्या तारांना मर्यादा आल्या, तर जुळणी-मंडलासह वापरावयाच्या, मध्यभागी दोन तारांच्या उघड्या वाहिनीने पुरवठा होणाऱ्या साध्या द्विध्रुवाचे महत्त्व पुन्हा वाढले. 1990 नंतरच्या दशकांत प्रसार पावलेल्या षट्‌कोनी दिशिक रचनेतही काचतंतूंच्या वाकलेल्या काठ्यांवर तारच ताणलेली असते. नळीकडून तारेकडे झालेले हे परतणे योगायोगाचे नव्हे.

या निवडीला केवळ छंदापुरते महत्त्व नाही. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळात नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली, तेव्हा हौशी प्रेषकांनी संदेशवहनाचे काम केले. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब व भ्रमणध्वनीची यंत्रणा पाडली. ज्या घटकेला आकाशकाची सर्वाधिक गरज असते, तीच त्याच्या मोडण्याचीही घटका असते. तेव्हा वाऱ्याच्या जागी दिशिक लाभाचा काही अंश सोडून मध्यभागी एकच डोलकाठी असलेला, दोन्ही बाजू तिरप्या उतरत आलेला तारेचा द्विध्रुव पत्करणे आणि दिशिक रचना हवीच असेल तर ती खाली उतरविता येईल अशा मनोऱ्यावर चढविणे, हाच पोल्‌धूपासूनच्या अनुभवाचा निष्कर्ष ठरतो. तारेला फिरविता येत नाही, ही उणीव खरी. परंतु वादळानंतर उभी राहिलेली सामान्य तार, पडलेल्या उत्तम रचनेहून अधिक दूरचा संदेश पोहोचविते.