पेटीची कसोटी : देवलांच्या श्रुतिपेटीपासून झाडीपट्टीतील कीबोर्डपर्यंत

चामोर्शी हे गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगेच्या खोऱ्यातले तालुक्याचे गाव. धानाची कापणी आटोपली की या भागात, म्हणजे झाडीपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर आरंभ होऊन तो साधारणतः होळीपर्यंत चालतो. वडसा येथून निघणाऱ्या मंडळ्या गावोगावी रात्रभर नाटके करतात, आणि या नाटकांत पदे असतात. पुण्यामुंबईकडे संगीत नाटकाचा बहर ओसरला, तरी येथे गाणे रंगभूमीवरून उतरले नाही. पदांच्या साथीला ऑर्गन आणि तबला असण्याची येथील रीत आहे. अलीकडे त्यांच्या शेजारी, क्वचित ऑर्गनच्या जागीही, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिसू लागला आहे. असे वाद्य पत्करावे की नाही, हे कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे? प्रश्न यंत्रामुळे नवा वाटतो. परंतु मराठी मुलखात तो शतकाहून अधिक काळ विचारला जात आहे, आणि त्याची पूर्वीची उत्तरे आजही उपयोगी पडण्याजोगी आहेत.

हार्मोनियमचे पेटंट अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली पॅरिस येथे घेतले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी या वाद्याला हाताने भाता चालविण्याचे सुटसुटीत रूप दिले. जमिनीवर बसून एका हाताने वाजविण्याची सोय झाल्यामुळे ते या देशात झपाट्याने पसरले. महाराष्ट्रात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यानंतर संगीत नाटकाचे युग सुरू झाले, आणि पुढे पायपेटी व ऑर्गन ही त्या रंगभूमीची ओळख बनली.

या दृष्टीने १९११ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. त्याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी सिद्ध केलेली श्रुतिपेटी लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यात तयार झाली. एकाने आहे ती पेटी घेऊन मराठी पदाला नवे वळण दिले, तर दुसऱ्यांनी ती पेटीच सदोष ठरवून तिची दुरुस्ती आरंभिली.

देवलांचा आक्षेप निराधार नव्हता. हार्मोनियमच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट मानल्यास प्रत्येक पट्टी पुढील पट्टीपासून १०० सेंटांवर येते. या हिशेबाने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर पडतो. तंबोऱ्याच्या षड्जाशी पूर्णपणे जुळणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पंचमात दोनच सेंटांचा फरक पडतो आणि तो खपून जातो. गंधारातील चौदा सेंटांचा फरक जाणत्या कानाला बोचतो. देवलांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे बावीस श्रुतींची मापे निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि त्यांवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयाची चर्चा झाली, पण एकमत झाले नाही. स्वर अचूक मापता येतो, हे देवलांनी दाखविले होते. परंतु गायक तो स्वर एकाच जागी स्थिर ठेवीत नाही, ही अडचण कोणत्याही मापाने दूर होण्याजोगी नव्हती.

पुढचा निकाल नभोवाणीने दिला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली. तिचे नियंत्रक त्या वेळी लायोनेल फील्डन होते. पाश्चात्त्य संगीतविभागाचे जॉन फोल्ड्स यांनी त्याआधीच या वाद्यावर टीका केली होती, आणि रवींद्रनाथांनाही ते नापसंत होते. ही बंदी १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत शिथिल झाली नाही. तथापि त्या तीस वर्षांत नाटक, कीर्तन, भजन व शिकवणी यांतून पेटी हटली नाही.

याचा एक पुरावा भाषेतच सापडतो. मराठी गायक आपली पट्टी सांगताना ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’ असे म्हणतो. जे वाद्य त्याज्य ठरविले गेले, त्याच्याच पट्ट्यांचा रंग आणि क्रम यांनी गळ्याची उंची सांगण्याचा हा प्रघात आहे. पेटीने गायकाला केवळ स्वर दिला नाही. स्वराविषयी बोलण्याची भाषाही दिली. विद्वानांनी तिची परीक्षा स्वराच्या मापाने केली. रंगभूमीने तिला साथीच्या मापाने जोखले आणि ठेवून घेतले.

आजच्या कीबोर्डची परीक्षा या पार्श्वभूमीवर व्हावयास हवी. ‘वर्कस्टेशन’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात तीन कामे एकत्र येतात : साठविलेले ध्वनी वाजविणे, त्यांना हवे तसे घडविणे, आणि अनेक वाद्यांचे भाग क्रमाने नोंदवून पुन्हा ऐकविणे. १९८८ साली आलेल्या कॉर्ग कंपनीच्या एम१ या वाद्याने हा प्रकार लोकप्रिय केला. त्यात आठ भाग नोंदविण्याची सोय होती.

देवलांच्या प्रश्नाला या वाद्याजवळ बरेचसे उत्तर आहे. आजच्या अनेक कीबोर्डांत सप्तकाचा प्रत्येक स्वर सेंटांच्या हिशेबाने चढविता वा उतरविता येतो. १९११ साली ज्यासाठी लंडनहून खास पेटी करवून घ्यावी लागली, ते काम आता काही बटणांवर होते. मात्र षड्ज काळी एकवरून काळी चारवर नेला असता ही रचना त्याच्याबरोबर सरकते की मूळ पट्ट्यांनाच चिकटून राहते, हे वाद्य घेण्यापूर्वी पाहिले पाहिजे. ती सरकत नसेल, तर एका गायकासाठी जुळविलेला गंधार दुसऱ्यासाठी बेसूर ठरतो. त्याखेरीज उघड्या मंडपातील दव व धूळ आणि जनित्राच्या विजेचा चढउतार यांचाही विचार करावा लागतो. ऑर्गनला विजेची गरज नव्हती.

तथापि मुख्य प्रश्न स्वराचा नसून लयीचा आहे. पद रंगले की प्रेक्षक ‘वन्समोअर’ देतात. गायक कधी अंतऱ्यापासून उचलतो, कधी एकाच ओळीवर आलाप वाढवितो, कधी पदाच्या मध्येच संवादाचे वाक्य टाकतो. ऑर्गनवाला त्याच्या तोंडाकडे पाहून थांबतो आणि समेवर त्याला गाठतो. आधी नोंदविलेला ताल असा थांबत नाही. मग गायकालाच यंत्राची वाट धरावी लागते, पद ठरलेल्या मिनिटांत संपते, आणि प्रेक्षकाचा पद वाढविण्याचा हक्क नकळत जातो. साथीदाराची जागा जाते, ती वेगळीच.

यावरून कीबोर्ड त्याज्य ठरत नाही. तोच कीबोर्ड साथीदाराच्या बोटांखाली असेल, तर तो ऑर्गनप्रमाणेच थांबू शकतो. त्याला नोंदविलेल्या भागांच्या स्वाधीन केले की ही शक्ती जाते. झाडीपट्टीतील मंडळीने कीबोर्ड निवडताना त्यात किती ध्वनी आहेत हे जरूर मोजावे. पण त्याआधी एक पद त्याच्या साथीने गाऊन पाहावे, मध्येच थांबावे, आणि वाद्य थांबते की पुढे निघून जाते, ते पाहावे.