जुन्या मोटारसायकलीची दप्तरी ओळख

अडगळींतून काढलेली मोटारसायकल चालूं करणें एक वेळ सोपें. तिला कागदोपत्रीं पुन्हां ओळख मिळवून देणें कठीण. ब्रिटनमध्यें हा पेच मुख्यतः सरकारी दप्तराच्या स्थलांतरानें उत्पन्न झाला.

१९०३ च्या कायद्यानें १ जानेवारी १९०४ पासून तेथें मोटारींस व मोटारसायकलींस क्रमांक घेणें सक्तीचें झालें. नोंदवह्या स्थानिक कौन्सिलांकडे असत. १९२१ पासून मालकाच्या हातींही नोंदपुस्तक आलें. १९७४ पासून हें दप्तर वेल्समधील स्वान्सी येथें गणकयंत्रावर चढूं लागलें. बंद वाहनांचेही जुने क्रमांक कळवावेत, यासाठीं शेवटची मुदत ठरली ३० नोव्हेंबर १९८३. परंतु कोठारांत गंजत पडलेल्या, धन्यालाही विसर पडलेल्या गाडीची दाद कोण लावणार? मुदत टळली, आणि पुष्कळ क्रमांक दप्तराबाहेर राहिले. कित्येक कौन्सिलांच्या जुन्या वह्याही नष्ट झाल्या, हें तर अक्षम्यच.

अशा गाडीच्या मालकानें जुनें नोंदपुस्तक किंवा वह्यांतील उतारा शोधावा, सांगाड्यावरील अंक त्याच्याशीं ताडून पाहावा व जुन्या वाहनांच्या मान्यताप्राप्त क्लबाची शिफारस जोडावी. मग मूळ क्रमांक परत मिळूं शकतो. मात्र तो दुसऱ्या गाडीस देतां येत नाहीं. क्रमांकांचा बाजार मांडणाऱ्यांस हा चांगला पायबंद आहे. पुरावा नसल्यास वयानुरूप क्रमांक मिळतो, आणि वयच संशयित ठरल्यास ‘क्यू’ अक्षराचा.

इतक्या खटपटीनेंही मालकी सिद्ध होत नाहीं. नोंदपत्रावर नांव असतें तें वाहन बाळगणाऱ्याचें. म्हणून जाणते लोक मोडीच्या भावानें घेतलेल्या सांगाड्याचीही विक्रेत्याच्या सहीची पावती जपून ठेवतात.