मंदगती व शीघ्रगती चित्रण

चलच्चित्रातील क्रिया प्रत्यक्षापेक्षा सावकाश किंवा जलद घडताना दाखविण्याचे तंत्र. चलच्चित्रात स्थिर चौकटींच्या मालिकेतून गतीचा आभास निर्माण होतो. त्यामुळे पडद्यावरील काळ चित्रणगती व प्रक्षेपणगती यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. सेकंदास ४८ चौकटी टिपून त्या २४ च्या गतीने दाखविल्यास क्रियेस दुप्पट वेळ लागतो. १२ टिपल्यास ती निम्म्या वेळात पुरी होते. मंदगतीसाठीच्या एका यंत्रणेचे एकस्व ऑस्ट्रियन धर्मगुरू आउगुस्ट मुस्गर (१८६८–१९२९) यांनी १९०४ मध्ये घेतले.

महाराष्ट्रात या तंत्राचा वापर कथापटाच्याही आधीचा आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ महिन्याहून अधिक काळ टिपली आणि सुमारे एक मिनिटाचा अंकुराची वाढ हा लघुपट सिद्ध केला. सेकंदास १६ चौकटी धरल्यास एका मिनिटास ९६० चौकटी लागतात. म्हणजे महिनाभराच्या चित्रणात दिवसाला सरासरी ३२ चौकटीच पुरतात. या लघुपटामुळे भांडवल देणाऱ्यांचा विश्वास संपादन करता आला व राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. त्यामुळे चित्रणगती कमीजास्त होई. आलम आरा (१९३१), अयोध्येचा राजा (१९३२) अशा बोलपटांच्या आगमनानंतर मात्र गती स्थिर ठेवणे अपरिहार्य झाले, कारण गती बदलताच आवाजाची पट्टीही बदलते. सेकंदास २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. चित्रणानंतर गती बदलावयाची झाल्यास प्रकाशीय मुद्रणयंत्रावर चौकटींची पुनरावृत्ती करीत किंवा काही चौकटी वगळीत.

या प्रमाणीकरणाने जुन्या मूकपटांवर मात्र अन्याय झाला. सोळाच्या गतीचे चित्रण चोविसाच्या गतीने दाखविल्यास ६० सेकंदांचा प्रसंग ४० सेकंदांत संपतो. पात्रे धावल्यासारखी भासतात आणि गंभीर अभिनयही हास्यास्पद वाटतो. कालिया मर्दन (१९१९) या चित्रपटात फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. अशा अभिनयाचे यथार्थ मूल्यमापन मूळ गतीवाचून होऊ शकत नाही. मूकपटांचे अवशिष्ट भाग जतन करणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या (स्थापना १९६४) संस्थांच्या दृष्टीने हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

संगणकीय संकलनात चित्रखंडाची गती टक्केवारीने बदलता येते. सेकंदास ५० चौकटींनी टिपलेला खंड २५ च्या गतीने दाखविल्यास ५० टक्के मंदगती निर्दोष मिळते. मुळात पुरेशा चौकटी नसल्यास त्यांची पुनरावृत्ती करावी लागते व हालचाल अडखळते. अन्यथा संगणक लगतच्या दोन चौकटींवरून मधली चौकट रचतो. अशा चौकटीत वेगाने हलणाऱ्या हातापायांच्या कडा विरूप होण्याचा संभव असतो. शिवाय ती कॅमेऱ्याने पाहिलेली नसते. म्हणून ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत प्रत्येक दुसरी चौकट पुन्हा दाखवून सोळाच्या चोवीस करणे, हा मार्ग मूळ पुराव्याशी अधिक प्रामाणिक ठरतो.