विहीर ओळखीची, शब्द नवा

चित्रावर बोट ठेवून परकी भाषा शिकण्याची रीत जुनी आहे. १६५८ साली कोमेनियस या शिक्षकाचं लॅटिन-जर्मन चित्रपुस्तक न्यूरेंबर्गला छापलं गेलं. पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल यांनी ते इंग्रजीत आणलं. चित्रातल्या वस्तूला जो आकडा, तोच तिच्या नावाला.

आपल्या राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. पोरं पुस्तक घेऊन जवळ यायची, आणि आम्ही आया चुलीकडे तोंड फिरवायचो. मग बचतगटाच्या बैठकीत तेच पुस्तक उघडलं. "दिस इज अ वेल. शी इज कॅरिइंग वॉटर." चुकलो, हसलो, पुन्हा मोठ्यानं बोललो. विहीर, घागर, बाई सगळं ओळखीचं. शब्द तेवढे नवे.

आज रात्री लेकराजवळ बसा. एक चित्र, तीन वस्तू. बोट ठेवा आणि बोला.