प्रवास एक, नियम अनेक : कोरोनाकाळात थांब्याथांब्यावर बदललेल्या विमानप्रवासाच्या अटी

2021 च्या मे महिन्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला कॅनडातील विद्यापीठात प्रवेश मिळाला. घरातली पहिली पदवीधर, पासपोर्ट काढणारीही पहिलीच. व्हिसा आला, पण भारतातून कॅनडाला जाणारी थेट विमाने 22 एप्रिलपासून बंद होती. तिसऱ्या देशातून जाता येत होते. त्यासाठी कोरोना चाचणीचा निगेटिव्ह अहवाल त्या तिसऱ्या देशातलाच हवा होता. चाचणीसाठी तिथे उतरायचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या देशाचाही व्हिसा हवा. हॉटेलचे भाडे वेगळे. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली तर परक्या देशात किती दिवस अडकायचे, याचा हिशेब कोणालाच मांडता येत नव्हता. तिने शेवटी एक सत्र पुढे ढकलले.

तिच्याबरोबर कागद वाचताना मला एक गोष्ट कळली. आपण तिकिटावर सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण पाहतो. सरकारे मात्र मधला प्रत्येक थांबा पाहतात. महामारीच्या काळात अनेकांचा प्रवास मोडला तो मुक्कामाच्या देशामुळे नव्हे, तर मधल्या थांब्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोरोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ आली तर हेच प्रश्न पुन्हा उभे राहतील. म्हणून त्या काळात काय घडले आणि कोणत्या कायद्याने घडले, याची नोंद आपल्या मुलांसाठी करून ठेवायला हवी.

थांबा म्हणजे नेमके काय?

थांब्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात विमान इंधन घेण्यासाठी किंवा काही प्रवासी उतरवण्यासाठी थांबते आणि आपण जागेवरच बसून राहतो. दुसऱ्यात विमान बदलायचे असते, पण इमिग्रेशन न ओलांडता आपण विमानतळाच्या आतच राहतो. यालाच आपण ट्रान्झिट म्हणतो. तिसऱ्या प्रकारात इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रत्यक्ष प्रवेश करावा लागतो.

दोन वेगवेगळी तिकिटे काढली की प्रवासी नकळत तिसऱ्या प्रकारात जाऊ शकतो. सामान शेवटच्या ठिकाणापर्यंत जात नसेल तर ते घेण्यासाठी बाहेर यावे लागते. बाहेर आलात की त्या देशाचा व्हिसा, चाचणी आणि विलगीकरणाचे नियम तुम्हाला लागू झाले. परदेशातून मुंबईमार्गे नागपूरला येणाऱ्यालाही मुंबईतच इमिग्रेशन आणि कस्टम करावे लागते. त्यामुळे त्याच्यासाठी भारतात प्रवेशाचे ठिकाण मुंबई ठरते, नागपूर नव्हे.

थांब्यामुळे बदलणारा दर्जा

इंग्लंडचे उदाहरण पाहा. त्या सरकारने धोक्याच्या देशांची लाल यादी केली होती. गेल्या दहा दिवसांत लाल यादीतल्या देशात राहिलेल्या किंवा तिथून गेलेल्या प्रवाशाला सरकारने ठरवलेल्या हॉटेलात विलगीकरणात राहावे लागे. 15 फेब्रुवारी 2021 पासून एका प्रौढ व्यक्तीसाठी याचा खर्च 1,750 पौंड होता, तोही प्रवाशाच्या खिशातून. संयुक्त अरब अमिराती जानेवारीच्या अखेरीस, तर कतार 19 मार्चला या यादीत गेले. भारत गेला 23 एप्रिलला. म्हणजे मधल्या काळात मुंबईहून थेट लंडनला उतरलेला विद्यार्थी घरी विलगीकरणात राहू शकत होता. त्याच दिवशी दुबई किंवा दोहामार्गे आलेल्या त्याच्या मित्राला मात्र हॉटेलात बंद राहून पैसे भरावे लागत होते. दोघे एकाच शहरातून निघाले, एकाच शहरात पोहोचले. फरक फक्त काही तासांच्या थांब्याचा. आणि थांबा असलेले तिकीट बहुधा स्वस्त असते म्हणूनच घेतले जाते.

याच नियमात एक बारकावा होता. थांब्यावर कोणी नवा प्रवासी चढला नाही आणि कोणी उतरून इतरांत मिसळला नाही, तर तो थांबा धरला जात नसे.

अमेरिकेने 4 मे 2021 पासून, आधीच्या 14 दिवसांत भारतात असलेल्या बहुतेक परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला. म्हणून काही जण 14 दिवस तिसऱ्या देशात राहून मग अमेरिकेत गेले. ज्यांचा अभ्यासक्रम 1 ऑगस्ट किंवा त्यानंतर सुरू होणार होता, त्या विद्यार्थ्यांना सूट होती. सूट माहीत असणे आणि नसणे यात दोन आठवड्यांच्या हॉटेलभाड्याचा फरक होता.

भारतानेही असाच नियम केला. 1 जानेवारी 2023 पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड इथून येणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. लगेच खुलासा आला की, प्रवास कुठूनही सुरू झालेला असो, या सहा ठिकाणांमार्गे येणाऱ्यांनाही अट लागू आहे. बँकॉकला फक्त विमान बदलणाराही त्यात आला. धम्मयात्रेसाठी आपल्याकडचे लोक थायलंडला जातात, तिथले उपासक बोधगयेला येतात. त्या हिवाळ्यात अशा यात्रेकरूंनाही हा नियम लागू होता.

घड्याळ कुठून सुरू करायचे?

अहवाल किती तास चालणार, हा सगळ्यात फसवा प्रश्न होता. भारतात येताना चाचणी प्रवास सुरू करण्यापूर्वीच्या 72 तासांतली हवी होती. महाराष्ट्राने 25 नोव्हेंबर 2020 पासून दिल्ली परिसर, राजस्थान, गुजरात आणि गोव्यातून विमानाने येणाऱ्यांना अहवाल सक्तीचा केला, तेव्हा 72 तास मोजले ते विमान उतरण्याच्या वेळेपासून मागे. अमेरिकेने जानेवारी 2021 मध्ये तास न मोजता तीन दिवस मोजले. पुढे 6 डिसेंबर 2021 पासून तिथे एकाच दिवसाची मुदत राहिली.

अमेरिकेच्या नियमात थांब्यांचा विचार स्पष्ट होता. सगळी विमाने एकाच बुकिंगमध्ये, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील आणि कोणताही थांबा 24 तासांपेक्षा मोठा नसेल, तर पहिल्या विमानापासून मुदत मोजली जाई. थांबा त्याहून लांबला की आधीचा अहवाल शिळा होण्याची भीती.

लसीचेही तसेच झाले. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड घेतलेल्यांना ब्रिटनने सप्टेंबर 2021 च्या नव्या नियमांत लस न घेतलेल्यांसारखेच धरले. भारताने 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचे विलगीकरण लावल्यावर 11 ऑक्टोबरपासून ती अट शिथिल झाली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबर 2021 ला मिळाली. तोपर्यंत ती घेतलेल्यांना थांब्याच्या प्रत्येक देशात आपली लस चालते का, हे वेगळे पाहावे लागले.

देश एक, राज्यांचे नियम वेगळे

25 मे 2020 ला देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात येणाऱ्यांच्या हातावर शिक्का मारून 14 दिवस घरी राहायला सांगितले जात होते. महाराष्ट्रातून कर्नाटकात उतरणाऱ्याला मात्र सात दिवस संस्थात्मक विलगीकरण होते. 6 जुलैपासून कोलकात्याने मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, चेन्नई आणि अहमदाबाद इथून येणारी थेट विमाने थांबवली. बंदी थेट विमानांना होती. दुसऱ्या शहरात विमान बदलून कोलकात्याला पोहोचता येत होते. यात साथ किती रोखली गेली, हा प्रश्न राहतोच. प्रवाशाचा खर्च आणि गर्दीतला वेळ मात्र नक्की वाढला.

ओमायक्रॉन आला तेव्हा केंद्र आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. केंद्राच्या 1 डिसेंबर 2021 पासूनच्या नियमांनुसार धोक्याच्या देशांतून आलेल्यांनी विमानतळावर चाचणी करायची आणि निगेटिव्ह असल्यास सात दिवस घरी राहायचे. महाराष्ट्राने 30 नोव्हेंबरच्या आदेशात अशा प्रवाशांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण लावले. केंद्राच्या आरोग्य सचिवांनी पत्र लिहून राज्याच्या चार अटींवर बोट ठेवले : मुंबईत उतरणाऱ्या सर्व आंतरराष्ट्रीय प्रवाशांची चाचणी, सर्वांना 14 दिवस गृहविलगीकरण, मुंबईहून पुढचे विमान पकडणाऱ्यांना निगेटिव्ह अहवालाची अट, आणि देशांतर्गत प्रवाशांना 48 तासांतला अहवाल. 2 डिसेंबरला राज्याने आदेश बदलला आणि दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, झिम्बाब्वे हे तीनच देश अतिजोखमीचे ठेवले. या दोन-तीन दिवसांत जे हवेत होते, ते एका नियमाखाली निघाले आणि दुसऱ्या नियमाखाली उतरले.

हा अधिकार आला कुठून?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. हवाई वाहतूक आणि आंतरराज्य विलगीकरण केंद्राकडे आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्ग पसरू न देणे हा समवर्ती सूचीतला विषय आहे. म्हणजे विमान केंद्राचे, पण उतरल्यावरचा माणूस बऱ्याच अंशी राज्याचा. त्यात 1897 च्या साथरोग कायद्याने राज्यांना प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि त्यांना वेगळे ठेवण्याचे अधिकार दिलेले आहेत. हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळातला. त्याच प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंचे निधन झाले.

कलम 19 नुसार देशभर संचाराचे स्वातंत्र्य हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. जनहितासाठी त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी असले पाहिजेत. दर दोन दिवसांनी बदलणारा आणि सामान्य माणसाला न समजणारा नियम वाजवी म्हणायचा का, हे विचारणे साथीला विरोध करणे नव्हे. मुखपट्टी, चाचणी आणि लस यांची गरज होतीच. माझा आक्षेप नियमांमधल्या विसंगतीला आहे, कारण तिचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो तिकीट बदलतो. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याचा प्रवेशच जातो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर 2005 चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 196 देशांना बांधील आहेत. त्यातल्या कलम 32 नुसार तपासणी किंवा विलगीकरणात असलेल्या प्रवाशाला सन्मानाने वागवणे, अन्न, पाणी, निवास आणि त्याला समजेल अशा भाषेत माहिती देणे हे त्या देशाचे कर्तव्य आहे. कलम 40 नुसार प्रवाशांकडून विलगीकरणाचे शुल्क घेऊ नये, अशी तरतूद आहे. तात्पुरत्या किंवा कायम वास्तव्यासाठी येणारे त्यातून वगळले आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांना ते कलम पुरेसे संरक्षण देत नाही. इतरांच्या बाबतीतही अनेक देशांनी ते पाळले नाही.

पुढच्या वेळी काय तपासायचे?

एक, प्रत्येक थांब्यासाठी वेगळा कागद करा : तिथे इमिग्रेशन ओलांडायचे आहे का, व्हिसा लागतो का, कोणती चाचणी, कोणती लस.

दोन, शक्यतो सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. एजंटाने दोन तिकिटे जोडून दिली असतील तर सामान कुठपर्यंत जाईल, ते लेखी विचारा.

तीन, अहवालाची मुदत कशापासून मोजायची, ते पाहा : निघण्यापासून की उतरण्यापासून, पहिल्या विमानापासून की शेवटच्या.

चार, गेल्या 10, 14 किंवा 15 दिवसांत आपण कुठे होतो, याची तारखांसह नोंद ठेवा. ट्रान्झिटही त्यात लिहा.

पाच, चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी सहसा टिमॅटिक या संगणकीय यादीतला नियम पाहतात. चुकीच्या कागदांवर नेलेला प्रवासी विमान कंपनीला परत आणावा लागतो, म्हणून ते शंका असल्यास अडवतात. सरकारी आदेशाची तारखेसह छापील प्रत जवळ ठेवा.

सहा, भारतात परतताना उतरण्याचे शहर निवडताना त्या राज्याचाही आदेश वाचा.

कार्यकर्त्यांसाठी एक काम आणखी आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातले 75 विद्यार्थी निवडले जातात. साथीच्या काळात चाचणी, सक्तीचे विलगीकरण आणि बदललेल्या मार्गाचा खर्च शिष्यवृत्तीत धरला जावा, ही मागणी विमाने सुरळीत असतानाच करायला हवी. ती मुलगी पुढच्या सत्राला गेली, तेव्हा थेट विमाने सुरू झाली होती. तिचे सहा महिने मात्र गेले ते गेलेच.